शेपटीला हात लावा

धुळ्यापासून समुद्र दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. आमच्या खानदेशाची समुद्राशी असलेली सोयरीक एका नदीपुरती आहे. धुळे शहरातून वाहणारी पांझरा तापीला मिळते, जळगाव जिल्ह्यातली गिरणाही तापीलाच मिळते आणि तापी सगळ्यांचे पाणी घेऊन सुरतेपलीकडे अरबी समुद्रात जाते. खानदेशाचे पाणी असे समुद्राला पोहोचते. समुद्राचे मासे मात्र नदीने आमच्याकडे येत नाहीत. ते मुंबई-आग्रा महामार्गाने किंवा सुरतेच्या रस्त्याने, बर्फाच्या डब्यांत, रात्रभर प्रवास करून येतात. पहाटे बाजारात डबा उघडला जातो तेव्हा त्यांचे रंग उतरलेले असतात, बरेचसे खवले गळालेले असतात आणि ते कोणत्या पाण्यात, कसे राहत होते हे सांगणारे कोणी त्यांच्यासोबत आलेले नसते.

माझे मत्स्यज्ञानही असेच लांबून आलेले होते. जळगावच्या एका महाविद्यालयात मी प्राणिशास्त्र शिकलो. प्रयोगशाळेच्या कपाटात काचेच्या बरण्या होत्या आणि त्या बरण्यांत औषधी द्रवात बुडवलेले मासे होते. सगळ्यांचा रंग एकच, जुन्या कागदासारखा पिवळट तपकिरी. बरणीवरच्या चिठ्ठीवर नाव असे. आम्ही चिठ्ठी पाठ केली आणि परीक्षेत उत्तीर्ण झालो. पुढे धुळ्याच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञानशिक्षक म्हणून लागलो. समुद्र मी तोवर दोनदा पाहिला होता, दोन्ही वेळा किनाऱ्यावरून. तरीही बाजारात मला 'मासळीतले कळणारे गुरुजी' असा मान होता आणि तो मला आवडत होता, हे येथे कबूल केले पाहिजे.

ज्या बाजारात मी रविवारी जात असे तेथे एक मावशी बसत. त्या तापीकाठच्या भोई कुटुंबातल्या. बालपण नदीवर गेलेले, शाळेचे तोंड न पाहिलेले. मरळ, शिवडा, शिंगाडा, वांब या नदीच्या माशांचा व्यवहार त्यांना घरातूनच मिळाला होता. समुद्राची मासळी धुळ्याला रोज येऊ लागली तशी त्यांनी तीही विकायला घेतली. समुद्र त्यांनीही पाहिला नव्हता. मी त्यांना मावशी म्हणत असे आणि त्या मला गुरुजी म्हणत. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. पैसे मोजताना त्या नोट डोळ्यांजवळ नेत, मासा मात्र कधीच डोळ्यांजवळ नेत नसत. तो त्या हातात घेत, अंगठा त्याच्या अंगावरून शेपटीपर्यंत फिरवत आणि नाव सांगत.

त्या रविवारी झालेला प्रसंग पंधरा-सोळा वर्षांपूर्वीचा आहे. एका गिऱ्हाइकाने पलीकडच्या दुसऱ्या विक्रेत्याकडून 'काळे पापलेट' घेतले होते. घरी पाहुणे येणार होते. भाव पापलेटाचाच पडला होता. जाता जाता त्याने सहज मावशींना पिशवी दाखवली. मावशींनी आत हात घातला आणि म्हणाल्या, "हाऊ पापलेट नही शे, हलवा शे." म्हणजे हा पापलेट नाही, हलवा आहे. हलव्याचा भाव तेव्हा पापलेटाहून बराच कमी होता. गिऱ्हाईक परत फिरले, विक्रेता संतापला आणि भांडण सुरू झाले. बाईला डोळ्यांनी दिसत नाही आणि ती दुसऱ्यांच्या मालाला नावे ठेवते, असे तो चारचौघांत म्हणू लागला. तेवढ्यात त्याला मी दिसलो. त्याने मासा माझ्यासमोर धरला. "गुरुजी, तुम्ही शिकलेले. तुम्हीच सांगा."

मी मासा पाहिला. दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखे चपटे, उंच शरीर. पापलेटासारखीच दुभंगलेली शेपटी. पोटाखाली जिथे परांची जोडी असते तिथे काही नाही. पापलेटालाही ती नसते. फरक काय तो रंगाचा. माझ्याजवळच्या एका जुन्या पुस्तकात हलवा पापलेटांबरोबरच छापलेला होता. ती आठवण पक्की होती. मी सांगितले, "दोन्ही एकाच कुलातले. याला काळे पापलेट म्हणायला हरकत नाही." विक्रेता हसला, जमलेली माणसे हसली. मावशी काही बोलल्या नाहीत. त्या आपल्या पाटीवरचा बर्फ हाताने सारखा करत राहिल्या.

पुढच्या काही आठवड्यांत त्यांच्यासमोरची गर्दी कमी झालेली मला दिसली. 'मावशीला आता दिसत नाही' हे वाक्य बाजारभर झाले होते. ते वाक्य माझे नव्हते. पण त्याला आधार मी दिला होता.

चूक मला कोणी दाखवून दिली नाही. शाळेत नववीच्या वर्गाला वर्गीकरण शिकवायचे होते, म्हणून मी एक नवे पुस्तक मागवले. बांगड्यासारख्या दिसणाऱ्या, पण शेपटीच्या बाजूंना करवतीसारखे टणक खवले असलेल्या माशांचे एक मोठे कुल आहे. त्याला शास्त्रात कॅरँजिडी म्हणतात. त्या कुलाच्या यादीत हलवा होता. मी ती ओळ पुन्हा वाचली. मग जुने पुस्तक काढले. ते खोटे नव्हते, फक्त जुने होते.

हलव्याची कथा मग मी शोधून वाचली. बर्लिनमधील वैद्य आणि मत्स्यशास्त्रज्ञ मार्कुस ब्लोख याने १७९५ साली या माशाला शास्त्रीय नाव दिले ते पापलेटाच्या प्रजातीचे धरून: स्ट्रोमॅटिअस नायजर, म्हणजे काळा पापलेट. ब्लोख हिंदुस्थानात कधी आला नव्हता. दूरच्या देशांतून त्याच्याकडे येणाऱ्या निर्जीव नमुन्यांवर तो काम करत होता. पुढे फ्रान्सिस डे या लष्करी वैद्याने १८७५ ते १८७८ या काळात 'द फिशेस ऑफ इंडिया' हा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला; त्यातही हलवा पापलेटांतच होता. आज त्याचे प्रजातीनाम पॅरास्ट्रोमॅटिअस असे आहे. 'पॅरा' या ग्रीक शब्दाचा अर्थ 'जवळचा', 'शेजारचा'. पापलेटाच्या शेजारी बसलेला, पण पापलेट नसलेला. जुनी चूक आणि तिची दुरुस्ती एकाच नावात जपून ठेवलेली आहे.

ब्लोखची चूक वाचून मला क्षणभर बरे वाटले, हे खरे. मोठ्या माणसाबरोबर चुकण्यात एक प्रकारचे समाधान असते. पण ते टिकले नाही. ब्लोखच्या चुकीने कोणाचे गिऱ्हाईक तुटले नव्हते.

मी रविवारची वाट न पाहता दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मावशींकडे गेलो. दुकान आवरत होत्या. मी म्हणालो, "मावशी, माझं चुकलं. तो हलवाच होता आणि तो पापलेटाच्या कुलातला नाही." त्यांनी उरलेल्या मालातून एक हलवा आणि एक पापलेट काढून माझ्यासमोर ठेवले. "गुरुजी, शेपटीले हात लावा."

मी हात लावला. माशाचे धड संपून शेपटीचा पर सुरू होण्याआधी जो अरुंद भाग असतो, त्याला आपण शेपटीचा देठ म्हणू. पापलेटाचा देठ गुळगुळीत होता. हलव्याच्या देठावर, दोन्ही बाजूंना मधोमध, एक खरखरीत कंगोरा बोटाला लागला. मग त्यांनी बांगड्याच्या नावावर विकला जाणारा एक लांबट मासा माझ्या हातात दिला. त्याच्या शेपटीकडच्या अर्ध्या अंगावर तोच कंगोरा होता, फक्त कितीतरी मोठा आणि धारदार. एक मासा ताटासारखा पसरट, दुसरा चातीसारखा लांब. एकाला लोक पापलेट म्हणतात, दुसऱ्याला बांगडा. आणि दोघे एकमेकांचे भाऊबंद. दोन्ही नावे डोळ्यांनी दिलेली होती आणि दोन्ही फसली होती.

"तुमी रंग देखतस," त्या म्हणाल्या. तुम्ही रंग पाहता. रंग बर्फात उतरतो, कंगोरा उतरत नाही.

मी पुन्हा चूक कबूल केली. त्यांनी ती ऐकून घेतली आणि शांतपणे म्हणाल्या, "चार लोकेसमोर बोलनात, चार लोकेसमोरच सांगा."

ते सोपे नव्हते. रविवारी बाजार भरल्यावर मी त्या विक्रेत्याकडे गेलो, एक हलवा उचलला आणि मोठ्याने सांगितले, की मागे मी जे बोललो ते चुकीचे होते, मावशींचे म्हणणे बरोबर होते. कंगोरा दोघा-तिघांना हात लावून दाखवला. विक्रेत्याने खांदे उडवले. पण त्या दिवशी ज्या गृहस्थाने पिशवी दाखवली होती तो योगायोगाने तिथे होता. तो मावशींकडे गेला आणि त्याने त्यांच्याकडून मासळी घेतली. एका वाक्याने गेलेले सगळे गिऱ्हाईक एका वाक्याने परत आले नाही. काही आले.

त्यानंतर कित्येक रविवार मी मावशींकडे शिकलो. शिकवण्याची त्यांची एक अट होती: आधी डोळे मिटायचे. भर बाजारात शिक्षकाने डोळे मिटून मासे चाचपायचे, ही गोष्ट पहिल्या दिवशी मला अवघड गेली. दुसऱ्या दिवशी माझा एक विद्यार्थी आईबरोबर आला आणि तोही डोळे मिटून शेजारी बसला, तेव्हा संकोच गेला.

कुल ओळखणे म्हणजे नक्की काय, हे मला त्या बाजारात कळले. एखाद्या माशाची जात ओळखायची तर बारीक खुणा लागतात: ठिपके, पट्टे, काट्यांची नेमकी संख्या. कुल ओळखायचे तर त्या घराण्यातल्या लहान-मोठ्या, काळ्या-गोऱ्या सगळ्यांत जे सारखे आहे ते शोधावे लागते. आपल्याकडे एखादा अनोळखी मुलगा दारात आला, की घरातली म्हातारी माणसे त्याचे कपडे पाहत नाहीत. कपाळ, हनुवटी, उभे राहण्याची ढब पाहून 'हा अमक्याचा दिसतो' म्हणतात. माशांचेही तसेच आहे. आकार आणि रंग हे पुष्कळदा राहण्याच्या जागेप्रमाणे ठरतात. हाडे, पर आणि खवल्यांची ठेवण ही पूर्वजांकडून येते.

बांगडा घ्या. पाठीवरच्या मागच्या पराच्या आणि पोटाखालच्या पराच्या पुढे, शेपटीपर्यंत, पाच-पाच सुटे छोटे पर असतात. बोटाला ते कंगव्याच्या दातांसारखे लागतात. सुरमईलाही असे छोटे पर असतात, म्हणून लांबीत एवढा फरक असूनही दोघे स्कॉम्ब्रिडी या एका कुलातले. ज्याच्या नावात बांगडा आहे पण ज्याच्या शेपटीला करवत आहे, त्याला या घरात जागा नाही. ही ठेवण सतत वेगाने पोहणाऱ्याची आहे. बांगडा थव्याने फिरतो, तोंड उघडे ठेवून पोहतो आणि पाण्यातले सूक्ष्म जीव कल्ल्यांच्या चाळणीत अडकवतो. मेलेल्या माशाच्या शेपटीवरचे ते छोटे पर म्हणजे त्याच्या चालीची राहिलेली निशाणी.

रावस हातात दिला तेव्हा मला गळ्याखाली दोरे लागले. मी ते जाळ्याचे तुकडे समजून काढायला गेलो आणि मावशी हसल्या. रावसाच्या छातीजवळचा पर दोन भागांत विभागलेला असतो. वरचा भाग नेहमीच्या परासारखा. खालच्या भागाचे चार धागे सुटे. गढूळ पाण्यात, तळाजवळ, या धाग्यांनी तो चाचपत भक्ष्य शोधतो. डोळ्यावर चरबीचा पातळ पडदा असतो. पॉलिनेमिडी कुलातल्या सर्वांना असे सुटे धागे असतात, संख्या मात्र जातीप्रमाणे बदलते. हे मी मावशींना वाचून दाखवले तेव्हा त्या थोडा वेळ तो मासा तसाच धरून बसल्या. बोटांनी पाहणारा आणखी कोणी आहे, हे ऐकून त्यांना काय वाटले असेल, ते मी विचारले नाही.

लेप, म्हणजे जिभेसारखा चपटा मासा, सांगायला डोळे उघडावे लागत नाहीत: एक बाजू खरखरीत व रंगीत, दुसरी पांढरी. पण त्याचे दोन्ही डोळे डाव्याच बाजूला असतात. जन्मतः त्याचे डोळे इतर माशांसारखे दोन बाजूंना असतात. वाढीच्या काळात एक डोळा डोके ओलांडून दुसऱ्याजवळ येतो आणि मग तो आयुष्यभर वाळूवर एका अंगावर पडून राहतो. मांदेली आणि तारली या दोन्ही लहान, चंदेरी, पोटाला धार असलेल्या; पण मांदेलीचे तोंड नाकाडाखाली असते आणि जबडा डोळ्याच्याही मागे जातो, तारलीचे तोंड लहान व समोर असते. म्हणून कुले दोन. बोंबील तर आम्ही सुकलेलाच जास्त पाहिलेला. भाकरीबरोबर भाजून खाताना त्याचा जबडा कोण पाहतो? त्याचे तोंड फार मोठे आणि दात सुईसारखे, आत वळलेले असतात. किनाऱ्यावर बोंबील वाळत घालताना दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी बांबूच्या दांडीवर टाकतात. भक्ष्य सुटू नये म्हणून आलेला जबडा माणसाने वाळवणीच्या कामी लावला आणि त्या जबड्याच्या जोरावर बोंबील खानदेशापर्यंत पोहोचला.

सर्वांत मोठा धडा शिंगाळ्याने दिला. तापीत शिंगाडा नावाचा मासा मिळतो: मिशा असलेला, बिनखवल्यांचा, पाठीवर मांसल लहान पर असलेला. समुद्रातून येणारा शिंगाळा अगदी तसाच. नावही जवळपास तेच. मी म्हणालो, हे तरी एका कुलातले असतील. मावशी म्हणाल्या, मिशा मोजा. नदीच्या शिंगाड्याला मिशांच्या चार जोड्या होत्या. त्यांतली एक नाकपुड्यांजवळ. समुद्राच्या शिंगाळ्याला तीनच, नाकाजवळची जोडी नाही. आणि नदीतल्याच शिवड्याला दोन, शिवाय पाठीवरचा मांसल पर नाही. शास्त्रात ही तीन वेगळी कुले आहेत: बॅग्रिडी, अ‍ॅरिइडी आणि सिल्युरिडी. गण मात्र एकच. मावशींच्या शब्दांत, गाव एक, भावकी निराळी.

एका हिवाळ्यात डब्यातून मोठा शिंगाळा निघाला. विकत घेणाऱ्या बाईंनी तोंड उघडून पाहिले आणि दचकून मासा खाली ठेवला. तोंडात अंडी होती, द्राक्षाएवढी, पिवळसर. 'हा आपलीच अंडी खातो,' असे त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या. मावशींनी अंड्यांना बोट लावले. एकही फुटलेले नव्हते. खायची असती तर पोटात गेली असती, हे त्यांना लगेच कळले. तापीतला शिंगाडा गाळात खळगा करून पिल्लांची राखण करतो, हे त्यांनी लहानपणी पाहिले होते. "बाप शे का माय?" त्यांनी मला विचारले. पोट चिरल्यावर कळले: नर होता. पोट रिकामे होते. त्या कुलातले नर अंडी तोंडात धरतात, पिल्ले बाहेर पडून पोहू लागेपर्यंत कित्येक आठवडे काही खात नाहीत. हे मी नंतर पुस्तकात वाचले; पण त्या सकाळी पुस्तकाआधी प्रश्न मावशींचा होता आणि उत्तर माशाच्या रिकाम्या पोटात होते. तो मासा त्यांनी विकला नाही. कारण विचारले तर म्हणाल्या, आता कोण घेणार? पण मला वाटते, कारण तेवढेच नव्हते.

रूपावरून वागणूक कळते आणि वागणुकीवरून रूपाचा अर्थ लागतो, हे तेव्हापासून मी वर्गात सांगत आलो. पापलेटाच्या घशामागे दातेरी पिशवी असते. समुद्रातले मऊ, बुळबुळीत जीव तो त्या पिशवीत दळतो. हलव्याला ती नसते. हलव्याच्या पिल्लांना पोटाखालच्या परांची जोडी असते. वाढताना ती नाहीशी होते आणि मग तो पापलेटासारखा दिसू लागतो. मोठेपणी शेजाऱ्यासारखा दिसणारा हा मासा लहानपणी आपले घराणे लपवू शकत नाही.

मावशींचे डोळे पुढे शस्त्रक्रियेने बरेच सुधारले. तरी मासा हातात आला की त्या प्रथम अंगठाच फिरवत. मी निवृत्त झालो. त्यांची सून दुकान पाहू लागली. पण आमचा बाजारही आता बदलतो आहे. पुष्कळ मासळी डोके आणि शेपूट काढून, कातडी सोलून, पांढऱ्या तुकड्यांच्या रूपात पाकिटातून येते. जिथे हात लावून ओळखायचे ती शेपूटच नसली, तर पाकिटावर छापलेल्या नावावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नाही. माझ्या महाविद्यालयातील बरणीची चिठ्ठी पुन्हा समोर आल्यासारखी वाटते.

ओळख का हवी, याचे उत्तर आता भावाच्या भांडणापुरते राहिलेले नाही. २०२३ साली महाराष्ट्राने पापलेटाला, म्हणजे रुपेरी सरंग्याला, राज्यमासा म्हणून घोषित केले. त्याच वर्षी गुजरातने घोळ हा आपला राज्यमासा ठरवला. दोन्ही राज्यांनी मान दिला तो त्या माशांच्या किमतीमुळे आणि ते कमी होत असल्याच्या काळजीमुळेही. माशांची पिल्ले वाढण्याआधीच पकडली जाऊ नयेत म्हणून किमान आकाराचे नियमही आले आहेत. पण लहान मासा समोर असताना तो लहान जातीचा प्रौढ आहे की मोठ्या जातीचे पिल्लू, हे ओळखणारे कोणी नसेल तर नियम कागदावर राहतो.

गेल्या वर्षी पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठल्यानंतरच्या दिवसांत मी बाजारात गेलो. सुनेने नुकताच एक डबा उघडला होता. वीतभर लांबीचे रुपेरी मासे. चिठ्ठीवर 'ढोमी' लिहिले होते. मावशी मागे स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी एक मासा माझ्याकडे दिला आणि काही न बोलता वाट पाहिली. मी डोळे मिटले. माशाच्या बाजूने जाणारी बारीक रेघ, जिला पार्श्वरेखा म्हणतात, बहुतेक माशांत शेपटीच्या देठाशी संपते. ही संपली नाही. ती शेपटीच्या पराच्या टोकापर्यंत गेली. म्हणजे कुल सायनिडी. पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून ढोलासारखा आवाज करणाऱ्या माशांचे कुल. ढोमी त्यातली, आणि घोळही त्यातलाच. माझी विद्या इथवर पोहोचली आणि थांबली. मी तसे सांगितले.

मावशींनी मासा परत घेतला. या वेळी मात्र त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, उजेडाकडे वळवला. पाठीवर पुसट काळे डाग होते. पाठीच्या आणि शेपटीच्या परांवर काळे ठिपके. दुसरा घेतला, तिसरा घेतला. काही साधे होते, काही ठिपक्यांचे. "पोर शे," त्या म्हणाल्या. घोळाचे पिल्लू. मग दोघी सासू-सुना डबा निवडायला बसल्या, आणि मीही बसलो. ठिपक्यांचे मासे निम्म्याला थोडे कमी भरले.

मेलेले मासे पुन्हा समुद्रात जाणार नव्हते आणि पैसेही परत मिळणार नव्हते. सुनेने ते एका बाजूला ठेवले, फोन काढला आणि माल पाठवणाऱ्याला सांगितले, की ढोमीच्या नावाखाली घोळाची पोरे आली तर पुढचा डबा उघडून न घेता परत जाईल. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता. त्याने बहुधा विचारले असावे, धुळ्यात बसून तुम्हाला कसे कळले? सुनेने सासूकडे पाहिले आणि फोनमध्ये म्हणाली, "आमच्याकडे बघणारं माणूस आहे."

मावशींनी तोवर पुढचा मासा हातात घेतला होता आणि त्यांचा अंगठा शेपटीकडे निघाला होता.